बावीस सेंटिमीटर

वोर्म्सी बेटावर जानेवारीत साडेचारलाच अंधार पडतो.
पोस्टाचं दार ओढून घेते, चुलीत दोन लाकडं सारते
आणि पडद्यावर तीन खिडक्या उघडून बसते.
एक हेलसिंकीची. एक रीगाची.
तिसरी कुठली, ते तिसरीलाच ठाऊक.

जुन्या कंपनीचं पत्र आलंय, महिनाअखेर टाळं.
साइटला जागा बघायला हवी.
साइट म्हणजे काय, एक पांढरं पान,
त्यावर एक आकडा:
सामुद्रधुनीवरचा बर्फ आज किती जाड.
पण पहाटे सहाला अख्खं बेट त्यावर डोकावतं,
दूधवाला, सुईण, शाळेची गाडी चालवणारी हेल्वे.
त्या वेळी पान उघडलं नाही
तर लोक खिडकीतून समुद्राकडे बघून अंदाज बांधतात.
समुद्र वरून नेहमी जाडच दिसतो.

तिघांच्याही दारावर एकच पाटी: अनमॅनेज्ड.
म्हणजे चार भिंती, वीज आणि किल्ली.
नळ गळला तर पाना तुझा.
चोर आला तर भुंकायचंही तूच.
आपला हात जगन्नाथ,
फक्त ठळक इंग्रजीत, महिना चार युरो.

तिसरी सगळ्यात स्वस्त. वर्षाचे अकरा युरो,
मेमरी दुप्पट, डिस्क तिप्पट,
आणि कधीही बंद न पडण्याचं वचन,
नव्याण्णवच्या पुढे टिंब, पुढे आणखी नऊ, नऊ, नऊ.
इतके नऊ मी एंडेलच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

ही साइट एंडेलची. तो भोक पाडायचा, पट्टी घालायचा,
आकडा सांगायचा आणि गप्प बसायचा.
कुणी विचारलं, जाऊ का रे?
तर म्हणायचा, जाडी मी सांगितली. पाय तुझे.
आता त्याला पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत,
हापसालूला मुलीकडे असतो,
फोनवर फक्त विचारतो: किती?

मंगळवारी रात्री पावणेतीनला उठून
तिन्ही दारं ठोठावली. एकच प्रश्न:
तुमची डिस्क मेली तर माझ्या आकड्यांचं काय?

तिसरीकडून क्षणात उत्तर आलं,
आपण आमच्यासाठी मोलाच्या आहात,
आणि पुढे काहीच नाही, आजतागायत.
हेलसिंकीनं दरपत्रक पाठवलं.
रीगाहून तेविसाव्या मिनिटाला एक ओळ आली,
खाली नाव होतं, आइगार्स:
"डिस्क कधी ना कधी मरतेच. मागच्या मार्चमध्ये दोन मेल्या.
बॅकअप तुमचा तुम्ही ठेवा, आणि आमच्याकडे ठेवू नका."

मी चुलीपाशी उभी राहून ती ओळ पुन्हा वाचली.
अगदी एंडेलसारखा बोलत होता मेला.

पैसे भरले. किल्ली आली.
आत गेले, तर रिकाम्या घराच्या दारावर
आधीच कुणीतरी थापा मारत होतं,
चार सेकंदांना एक, जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून,
admin, admin, root, admin.
पासवर्डचं दार विटा लावून बुजवलं.
मग चौदा हिवाळे ओढून आणले,
सगळे मिळून एका फोटोएवढेही जड नाहीत.
मध्येच एका फेब्रुवारीत आकड्याच्या जागी एंडेलचे शब्द:
आज मोजलं नाही. ताप. कुणी जाऊ नका.
(इतकं स्पष्ट तो तेवढ्या एकदाच बोललेला.)

एक प्रत पोस्टाच्या तिजोरीत, तिकिटांखाली.
एक हापसालूला, एंडेलच्या मुलीच्या कपाटात.

आज पाच चाळीसला स्वीबीच्या धक्क्यापुढे भोक पाडलं.
बावीस.
हातमोजा दातांनी ओढून आकडा टाकला,
तर पान म्हणालं: पहाटे तीन चाळीस.
नव्या मशीनचं घड्याळ कुणी लावलंच नव्हतं.
कोण लावणार?
बर्फावर मी पोचायच्या दोन तास आधी
बर्फ मोजून ठेवलेला,
आणि तेवढ्यात हेल्वेच्या गाडीचे दिवे वळणावर दिसले.
तशीच गुडघ्यावर बसून
गोठल्या बोटांनी
वेळ दुरुस्त करत राहिले.